कुंची

म्हाळसाबाईने घाईघाईत शेवटची गाठ मारली आणि कोकरू मेंढीपुढे ढकललं. कोकरू पोरकं होतं. त्याच्या आईला परवा लांडग्याने नेलं. अंगावर बांधलेलं कातडं मात्र या काळतोंड्या मेंढीच्या मेलेल्या पिल्लाचं. हुंगून आपलंच वाटलं, की मेंढी पाजते. दोन-चार दिवस तिचं दूध पोटात गेलं, की पिल्लाला तिचाच वास येऊ लागतो, मग कातडं काढून टाकायचं. धनगरांची ही जुनी रीत.

म्हाळसाबाईला सत्तर पावसाळे पाहिलेली म्हणायची सोय नव्हती. त्यातले निम्मे सोलापूरच्या माळावर आलेच नव्हते. दुष्काळ मात्र तिने एकही चुकवला नव्हता. मानमोडीच्या साथीत नवरा गेला. त्यानंतर दोनदा कळप संपला आणि दोन्ही वेळा तिने चार मेंढ्यांवरून तो पुन्हा उभा केला. बाई खमकी होती.

आज मात्र तिचं सगळं लक्ष पालाशेजारी बसलेल्या सुनेकडे होतं. कस्तुराबाईचं तिसरं मूल पाच दिवसांपूर्वी गेलं होतं. दूध काही आटत नव्हतं. ती ते बोरीच्या बुडाशी पिळून टाकत होती. ती बोर शेरडं दरसाल बुडापर्यंत खात आणि दरसाल ती पुन्हा फुटे. कस्तुराबाईचं तिकडे लक्षही नव्हतं.

पलीकडच्या पालात गुंडा धनगराची बायको काल बाळंतपणात गेली होती. तान्हं पोर शेळीचं दूध ओकून टाकत होतं. सकाळीच म्हाळसाबाईने सुनेपाशी शब्द टाकून पाहिला होता.

"माझं दूध लागत न्हाय कुनाला," कस्तुराबाई म्हणाली. "तीन गेली. आता चौथं माझ्या वटीत घालू नगा."

"सांजपातूर टिकायचं न्हाय त्ये."

सुनेने तोंड फिरवलं होतं.

मेंढीने कोकरू हुंगलं. दोन पावलं मागे सरली, पुन्हा हुंगलं आणि उभी राहिली. कोकराने आचळ धरलं. ते पाहून म्हाळसाबाई लगबगीने गुंडाच्या पालाकडे निघून गेली.

पण गाठ सैल बसली होती. कोकराने ढुशी मारली तसं कातडं घसरून मातीत पडलं. आता पिल्लाला लाथ बसणार म्हणून कस्तुराबाई धावली. मेंढीने मान वळवली. पडलेलं कातडं हुंगलं. मग उघडं कोकरू हुंगलं, चांगलं डोक्यापासून शेपटीपर्यंत. आणि मागचे पाय जरा फाकवून तिने त्याला पिऊ दिलं. कस्तुराबाई तिथेच उभी राहिली. दूरवर गिरणीचा दुपारचा भोंगा झाला तरी ती हलली नाही.

म्हाळसाबाई परतली ती तान्ह्याला घेऊन. त्याच्या डोक्यावर हिरवी कुंची होती. कस्तुराबाईच्या लेकराची. पाच दिवस ती तिने उशाशी ठेवली होती, धुवायलाही दिली नव्हती. म्हातारीने ती सकाळीच हळूच काढून घेतली होती.

तिने पोर सुनेच्या हातात दिलं. कस्तुराबाईने कुंचीला नाक लावलं. डोळे मिटले. म्हातारीला वाटलं, जमलं!

मग कस्तुराबाई खाली बसली. तिने कुंचीचा बंद सोडला आणि ती पोराच्या डोक्यावरून काढून घेतली. म्हाळसाबाईने पोराला घ्यायला हात पुढे केला.

"अगं बाई, त्याचं काय चुकलं..."

कस्तुराबाईने कुंचीची नीट घडी घातली आणि सासूपुढे धरली.

"ही जपून ठिवा, आत्याबाई. ही माझ्या पोराची हाय." तिने उघड्या डोक्याचं ते लेकरू पदराखाली घेतलं. "ह्यो गुंडाभावजींचा. ह्याला त्याच्याच वासानं पाजती मी."