कुंभारणीचं घर

"बाळक नथी, भाई. गाठ छे," डॉक्टरीणबाई गुजरातीत म्हणाल्या, आणि फार उशीर झालाय हे मुकुंदाला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

पाच महिन्यांपूर्वी मुकुंदाच्या समा भागातल्या घरात, भिंतीवर केबलच्या नव्या वायरीमागे कुंभारीण माशीने मातीचं मडकं थापलं. त्याची बायको वसू झाडू घेऊन उठली.

"अगं, मोडू नकोस! कुंभारीण येते त्या घरात पाळणा हलतो," मुकुंदा म्हणाला.

"माशी हलवते होय पाळणा?" वसू हसली. लग्नाला बारा वर्षं झाली होती.

पुढच्याच महिन्यात तिची पाळी चुकली, मग पोट दिसू लागलं.

"अहो, एकदा दाखवून येऊ."

"थांब जरा, दृष्ट लागते."

आता वसू नाही. माशीचं पिल्लू मडकं फोडून कधीच उडून गेलंय.



ती भिंत झाडायची अजून राहिली आहे.