सैल गाठ

"गाठ सैल होती, दुसरं काय!" साहेब सोफ्यात रेलून म्हणाले. "माकडांनी ओढून नेलं असणार. इतकं दुर्मिळ ऑर्किड. बाटलीत वाढवायचं, जंगलात नेऊन झाडाला बांधायचं. आणि तुम्हाला धड एक गाठ मारता येत नाही?"

ती सोफ्याच्या कडेला टेकली होती. मांडीवर मुलगी, मुलीचे दोन्ही हात तिच्या मुठीत गच्च. घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून बरोबर आणली होती आणि दारातच पस्तावली होती. जिकडे पाहावं तिकडे काच. रानावनावर तासन्‌तास बोलू शकणाऱ्या या माणसाच्या दिवाणखान्यात एकही खिडकी उघडी नव्हती.

"सर, सुती चिंधीने बांधतो आपण. मुळं झाडाला धरेपर्यंत ती टिकते, मग आपोआप कुजून पडते. मी स्वतः बांधलं होतं."

"तेच म्हणतोय मी. तुम्ही बांधलं होतं." साहेबांनी बुटावरची नसलेली धूळ झटकली. "उद्या प्रयोगशाळेची किल्ली ऑफिसात देऊन टाका. पुढची लागवड दुसरं कुणीतरी बघेल."

"आई, बदक," मुलगी म्हणाली.

"श्श."

"आई, माझं बदक!"

तिने मान वळवली. कोपऱ्यात, एसीच्या थेट झोताखाली, पितळी स्टँडवर फांदीचा तुकडा ठेवला होता. त्यावर ते रोप, एकुलत्या एका फुलासकट. फुलाची कड करपलेली. बुंध्याभोवती पिवळी चिंधी आणि चिंधीवर अर्धं बदक. मुलीचं आखूड झालेलं झबलं. ते फाडताना मुलीने घर डोक्यावर घेतलं होतं.

साहेबांच्या बायको चहाचा ट्रे घेऊन आल्या.

"आवडलं का गं बाळा? ह्यांनी आणलंय, चक्क फांदी कापून. म्हणाले, तिथे रानात फुललं तर बघतंय कोण!" ट्रे ठेवून त्या तिच्याकडे वळल्या. "बरं झालं आलात. ती कळकट चिंधी तेवढी सोडवून द्या ना. माझं नख मोडलं ओढून ओढून. मुळांनी अशी करकचून धरलीय, सुटेल तर शपथ!"

साहेब चहा ढवळू लागले. त्यांच्या चहात साखर नव्हती.

"खरंय सर," ती म्हणाली. "माकडानेच नेलं."

साहेबांनी मान वर केली नाही. त्यांच्या बायको हसऱ्या चेहऱ्याने एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या.

"जा पिल्लू," ती म्हणाली. "आपलंय ते. घेऊन ये."

आणि तिने मुलीचे दोन्ही हात सोडले.