जटायूचा अंगठा

"मी पडलंय की डाव्या पायाचो अंगठो हलवतलंय. तो हललो की समज, मी बरो आसंय." दशावतारात जटायू होणारा इंदूचा नवरा छातीच्या ऑपरेशनपासून प्रत्येक प्रयोगाआधी तिला हेच सांगे.

आज रावणाने तलवार चालवली आणि जटायू पंखांसकट धाडकन कोसळला. देवळाच्या मांडवात बसलेल्या इंदूने अंगठ्यावर नजर रोखली. तो हलेना. रामाने जटायूचं डोकं मांडीवर घेऊन विलाप सुरू केला, पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसू लागल्या, तरी अंगठा तसाच.

इंदू धावत रंगमंचावर चढली. "अवो, अंगठो हलवा!" तिने पाय गदागदा हलवला.

"गो, तीस वर्षांत आज पैल्यांदा लोक रडतत," जटायू डोळे मिटूनच पुटपुटला. "माका नीट मरूक दी!"