एक म्हणजे नायगाव

"आई, तुझ्या नव्या फोनवरून मिस्ड कॉल देतोय. उचलू नकोस हं, लागतो का तेवढंच बघायचंय," विघ्नेश म्हणाला.

देवघरात समईशेजारी ठेवलेला जुना फोन वाजला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत मनोरमाबाईंनी तो कानाला लावला.

"हॅलो."

"अगं, समोर बसलोय मी! हॅलो काय?"

स्वयंपाकघरातून सून, संपदा, हसून म्हणाली, "आईंना मिस्ड कॉल देऊन दाखवा कुणीतरी. बक्षीस देते मी."

नव्या फोनला बटणं नव्हती, काच नुसती बोटाने सरकवायची. थ्रीजी आलं की यावर समोरच्याचं तोंड बघून बोलता येईल, असं विघ्नेश सांगत होता. जुना फोन दुकानदार बदल्यात घेणार होता. मनोरमाबाईंनी मान हलवली. सोमवार होता, उपास सोडायची वेळ होत आली होती.

विघ्नेश जुन्या फोनमधले नंबर उतरवून घ्यायला बसला आणि चुकून भलतीच यादी उघडली. मिस्ड कॉल. त्या फोनमध्ये दहाच मावत. दहाही 'विघ्नेशचे बाबा'. खालचे सहा, सहा दिवसांचे. वरचे चार एकाच संध्याकाळचे. सात दहा ते सात अठरा. त्यानंतरचा एकही नाही.

चार वर्षांपूर्वीची ती तारीख त्याला पाठ होती. त्या संध्याकाळी त्याचे बाबा, दिनानाथ, नायगाव स्टेशनच्या पुलावर, पायरीवर छाती धरून बसले, ते उठलेच नाहीत.

"आई, तू तेव्हा देवळात होतीस ना? फोन घरी ठेवून?"

"देवळात होते असं लोक म्हणाले. मी नाही म्हटलं नाही."

"मग?"

"ओट्याशी होते. फोन हातात होता."

आत पोळपाटावरचं लाटणं थांबलं.

विघ्नेशने तोंड उघडलं, पण त्याआधी मनोरमाबाईच बोलू लागल्या. पोथी वाचावी तशा, एका सुरात.

"एक मिस्ड कॉल म्हणजे नायगावला उतरलो, कुकर लाव. दोन म्हणजे उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या. उचलायचा नाही, पैसे जातात. पहिल्याला मी गॅस लावला. दुसऱ्याला बंद केला."

त्यांनी पदराचं टोक उगाच सारखं केलं.

"तीन-चारचं आमचं काही ठरलं नव्हतं रे."

विघ्नेशच्या हातातला जुन्या फोनचा हिरवा उजेड विझला. मनोरमाबाईंनी हात पुढे केला आणि समईची वात सारावी तसं एक बटण दाबून तो पुन्हा लावला.