झुलालनानांचा टाळ

सुई पुन्हा उडाली आणि झुलालनानांना मनातल्या मनात उकळ्या फुटल्या.

"राहू दे मयुरी. जुनी तबकडी हाये, काहून तिचा जीव काढते?" तोंड पाडून ते नातीला म्हणाले. तोंड पाडणं त्यांना झकास जमलं.

पन्नास वर्षं नाना फैजपुरात छाती फुगवून सांगत आले होते, की भजनी मंडळाच्या या तबकडीवर टाळ त्यांचा आहे आणि तो एकदाही चुकलेला नाही. घरातल्या जुन्या फोनोवर नुसती खरखर ऐकू यायची, त्यामुळे नानांचं फावलं होतं. खरं तर तिसऱ्या कडव्यात त्यांचा एक टाळ चुकला होता. चुकला कसला, पडलाच नव्हता! आणि आता जळगावच्या पाइप कारखान्यात मोजमापं तपासणारी ही नात आपला टर्नटेबल घेऊन आली होती. वर आजोबांचा टाळ ऐकायला तिने अख्खी गल्ली ओसरीवर जमवली होती.

"दोष तबकडीचा नाही, नाना," मयुरी म्हणाली. "टर्नटेबलचा हा हात जड आहे आणि त्याच्या टोकाची, सुई बसवलेली ही कार्ट्रिज फार मऊ. दोघांचं जमत नाही, म्हणून सुई उड्या मारते."

तिने डबीतून दुसरी, जरा कडक कार्ट्रिज काढली. केसासारख्या चार तारा चिमट्याने जोडल्या. मागचं वजन फिरवत फिरवत हात हवेत तरंगेल इतका तोलला आणि मग सुईवर बरोबर दोन ग्रॅम भार दिला.

"दोन ग्रॅम!" नाना उसनं हसले. "अवं, आमच्या केळी तोलायच्या काट्यावर माणूस चढला तरी पत्ता लागत नाही. आन लाइट जायची वेळ झाली बरं का."

लाइट काही गेली नाही. नानांनी एकदा मेन स्विचकडेही आशेने पाहिलं, पण तिथे नेमका शेजारचा भूषण टेकून उभा होता. नानांची टिंगल करण्यात त्याचा हात धरणारा गल्लीत कोणी नव्हता.

सुई टेकली. या खेपेला ती उडाली नाही. आधी पखवाज घुमला, तो नानांच्या बायकोच्या, ताईबाईंच्या भावाचा. मग बुवांचा आवाज आला आणि त्यामागून टाळ, असा खणखणीत, की भूषणने चक्क हात जोडले. "मानलं नाना!" बायका माना डोलवायला लागल्या. नाना भीतीबिती सगळं विसरले. सत्तरी उलटलेला माणूस बसल्या जागी झुलायला लागला, मांडीवर ठेका धरायला लागला.

आणि तिसरं कडवं आलं. टाळ पडला, पडला, आणि पडलाच नाही.

"नाना," मयुरीने मान वर केली, "इथे एक टाळ गेला."

भूषणचे दात दिसले. नानांचं तोंड या वेळी खरोखर पडलं. ध्वनिमुद्रण जळगावच्या एका शाळेत झालं होतं. संपल्यावर बुवांनी सगळ्यांदेखत त्यांना झाप झाप झापलं होतं. पण टाळ का चुकला, ते नानांनी बुवांना सांगितलं नाही, पुढे बायको झालेल्या ताईबाईंनाही नाही.

स्वयंपाकघराच्या दारात ताईबाई पदर तोंडाशी धरून हसत होत्या. हसू आवरेना तसा त्यांनी पदर सोडूनच दिला.

"चुकला नाही वं माय," त्या नातीला म्हणाल्या. "भावाचा डबा घेऊन मी पहिल्यांदा यांच्यासमोर आली, ते तठीच, याच कडव्याला!"