अठरा श्लोक पुढे

"एकशे सत्त्याण्णव कोटी काढ आणि चारशे बत्तीस कोटी घाल," प्रोफेसर गंगाधरपंत म्हणाले आणि त्यांनी प्रूफ आनंदाच्या पुढ्यात टाकलं.

आनंदा त्या गिरगावातल्या छापखान्यात चौदा वर्षं खिळे जुळवत होता. संस्कृतातली जोडाक्षरं न चुकता जुळवणारा तिथं तो एकटाच. म्हणून पंतांची 'पृथ्वीचे वय' ही पुस्तिका मालक नानांनी त्याच्याकडंच दिली होती. पोथी आणि विज्ञान यांचा आकडा एकच येतो, एवढंच त्या पुस्तिकेचं म्हणणं. मजकुरासोबत पंतांनी अर्थासकट छापलेली मूळ पोथीही देऊन ठेवली होती आणि तिच्यातल्या दहा श्लोकांना लाल पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. युगं, मन्वंतरं, ब्रह्मदेवाचा दिवस, सगळा हिशेब त्या दहांत होता.

"साहेब, एकशे सत्त्याण्णव तंतोतंत जुळतात, असं तुम्हीच बोलला होता ना?"

"तेव्हा विज्ञान दोनशे कोटी म्हणत होतं. आता अमेरिकेत कुणी उल्का तपासून साडेचारशे काढलेत. पेपरात आलंय. ब्रह्मदेवाचा अख्खा दिवस धरला की चारशे बत्तीस होतात. वीसेक कोटींचा फरक म्हणजे दर्यामें खसखस!"

"पहिल्या प्रुफात ब्रह्मदेवाची दुपार पण झाली नव्हती. पंधरवड्यात त्याचा दिवस मावळला?"

"आनंदा, तोंड नको चालवू, हात चालव," टेबलामागून नाना म्हणाले.

आनंदानं आकडा बदलला. विज्ञान हलेल तशी पोथी हलवायची, आणि वर पोथी अढळ आहे म्हणायचं! त्याला संताप येत होता, पण तो गिळण्याची त्याला सवय होती. शिवाय पंत म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हता. संयुक्त महाराष्ट्रासाठी पंधरा दिवस तुरुंगात बसून आलेला माणूस. मराठी माणूस तेवढा एक, असं सभेत गरजला होता, तेव्हा आनंदानंही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या.

आकडा झाला. खाली समासात पंतांनी एक नवीन वाक्य लिहिलं होतं. 'पोथीचे गणित आज विज्ञानाने मान्य केले आहे. म्हणून तिच्यातील अक्षर न् अक्षर सत्य होय.'

आनंदाचा हात खिळ्यांच्या केसवरच थांबला. पुस्तिका शाळाशाळांतून फुकट वाटायची होती. वरळीला त्याची शैला सातवीत होती, तिच्या शाळेचं नावही यादीत होतं. गेल्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा घेऊन त्यानं ही पोथी घरातून आणि डोक्यातून काढून टाकली होती. आता ती विज्ञानाचा शिक्का मारून पोरीच्या दप्तरात शिरणार होती, आणि शिरायला वाट करून देणार होते त्याचेच हात.

"ही ओळ मी नाही जुळवणार," तो म्हणाला.

नानांनी चष्मा काढला. "का म्हणून?"

"खुणा केल्यात ना, त्याच्या पुढं अठरावा श्लोक वाचा, साहेब. चौथ्या वर्णानं काय करायचं? वरच्या तिघांची चाकरी, ती पण कुरकुर न करता. आम्ही तर त्या चौथ्याच्याही खाली. अक्षर न् अक्षर सत्य, तर हे पण सत्य. याच्यासाठी कुठली उल्का तपासली?"

पंत त्याच्याकडं बघतच राहिले. "तू पोथी वाचलीस?"

"उलटी अक्षरं वाचून पोट भरतो मी. सुलटी नाही का येणार वाचायला?"

"अरे, ते त्या काळचं आहे. तेव्हाचा समाज तसा होता. ते काही शास्त्र नव्हे."

"मग 'अक्षर न् अक्षर' काढा. 'काही अक्षरं' लिहा. आत्ताच्या आत्ता जुळवून देतो."

"माझा एक शब्द बदलायचा नाही!" पंतांचा आवाज चढला. "नाना, हा छापखाना तुमचा आहे की याचा?"

नाना उठून आनंदाजवळ आले. माणूस वाईट नव्हता, पण गिऱ्हाईक त्याहून चांगलं होतं. "आनंदा, तेवढी ओळ जुळव. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

चौदा वर्षं एका ओळीवर आली. त्यानं पोथी उघडली आणि तो श्लोक बोटानं दाबून धरला.

"जुळवतो. पण मग पूर्ण जुळवतो. त्या ओळीखाली हा श्लोक टाकतो, खाली अर्थ टाकतो. सत्यच आहे तर पोरांना सगळंच वाचू दे. आहे कबूल?"

पंतांनी त्याच्या हाताखालून पोथी हिसकली. "शुद्धीवर आहेस का तू? लहान मुलांच्या हातात असलं कुणी देतं का?"



आनंदानं खिळे जुळवायची स्टिक रिकामी केली आणि ती पंतांच्या हातात ठेवली.

"आमच्याकडं पाळण्यातच देत होते, साहेब."