भुऱ्या भुंकला नाही

बिबट्यानं गोठ्यातून शेळी नेली आणि घरापुढच्या सपरीत झोपलेला भुऱ्या साधा भुंकलाही नाही. देवाजीनं रागाच्या भरात कुत्र्याला काठीनं बदडलं. सकाळी त्याला मागचा पाय टेकवेना, तेव्हा बायको फारच बोलली म्हणून देवाजी त्याला आरमोरीला गुरांच्या दवाखान्यात घेऊन आला.

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, मग कानाची पाळी उलटून धरली. आत पू भरला होता.

"हा कान खाजवत होता का, भाऊ? मान झटकत होता?"

"पावसाळाभर. रातभर कान फडफडवे. मले झोप नाई लागे, म्हणून मी त्याले अंगणात हाकलत होतो."

"तेव्हाच आणला असता तर साध्या औषधानं बरा झाला असता. आता याला जवळजवळ ऐकूच येत नाही. रोज थेंब घाला, थोडंफार परत येईल."

बाटली घेऊन देवाजी भुऱ्यापाशी खाली बसला. "चुकलं रे माझं, बाबू," त्याला कुरवाळायला हात उचलत तो म्हणाला.

भुऱ्याला ते ऐकू गेलं नाही. त्याला फक्त देवाजीचा उचललेला हात दिसला, आणि त्यानं डोळे मिटून अंग चोरलं.